घडीचा चाकू, त्याचं लॉक आणि आपली बोटं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

ट्रेकच्या ग्रुपमध्ये दर पावसाळ्याआधी कोणी ना कोणी "चाकू कुठला घेऊ" म्हणून विचारतंच, आणि मग तेच तेच टाइप करून माझी बोटं दुखतात. (चाकूने एकदाच दुखली होती, ते पण सांगतो.) म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी काही चाकू बनवणारा नाही, वापरणारा आहे, पंधराएक वर्षं खिशात घडीचा चाकू बाळगतोय आणि उघडून साफ करायचा नाद आहे, एवढंच.

मुळात लॉक लागतंच कशाला? आजोबांच्या चाकूला कुठे होतं?

खरंय, नव्हतं. पण आजोबा त्या चाकूने सुपारी, पेरू, ऊस, सुतळी एवढंच कापायचे, आणि कापताना काय होतं बघा, धार खाली दाबली जाते म्हणजे वस्तू पात्याला वर, अजून उघडायच्या दिशेला ढकलते. पातं आधीच पूर्ण उघडलेलं, मागे अटकाव आहे, मग ते जाणार कुठे. म्हणजे नुसतं सरळ कापताना लॉकला काहीच काम नसतं, ते आपलं बसून असतं.

काम लागतं उलटा जोर आला की. टोकाने भोक पाडायला गेलात, पातं जाड दोरात किंवा ओल्या लाकडात रुतलं आणि तुम्ही ते हिसका देऊन बाहेर ओढलंत, पात्याची पाठ कशावर तरी आपटली, चाकू हातातून निसटून टोकावर पडला, या सगळ्या वेळी पातं मिटायच्या दिशेला ढकललं जातं. आणि मिटायच्या वाटेवर बरोब्बर तुमची चार बोटं गुंडाळलेली असतात.

माझं असंच झालं. राजगडला पद्मावती माचीवर मुक्काम होता, सॅकचा पट्टा सैल पडत होता म्हणून त्याला अजून एक भोक पाडत होतो, साधा बिनलॉकचा चाकू, टोक पट्ट्यावर ठेवलं आणि वरून जोर दिला. टोक जरा तिरकं सरकलं, पातं फटकन मिटलं, पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर. तीन टाके, ते पण खाली उतरून गुंजवण्यातून पुढे जाऊन. खुणेची रेघ अजून आहे. चाकूचा काही दोष नव्हता, त्या चाकूने ते काम करायचंच नव्हतं.

आता यातलं गणित पण बघा. समजा लॉक पात्याला जिथे अडवतं ती जागा मधल्या खिळ्यापासून (ज्यावर पातं फिरतं तो) ८ मिलिमीटरवर आहे आणि टोक ८० मिलिमीटरवर. टोकाजवळ पाठीवर एक किलोचा जोर पडला तर लॉकवर दहा किलोचा पडणार, साधी तरफ आहे. म्हणून तो एवढासा लोखंडाचा तुकडा कसा बनवलाय याला फार महत्त्व.

म्हणजे बिनलॉकचा चाकू घेऊच नये का?

असं अजिबात नाही. लाल मुठीचा स्विस चाकू घ्या, बहुतेकांच्या घरात असतो किंवा दुबईहून आलेल्या मामाने दिलेला असतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या कार्ल एल्झनरने १८८४ साली कारखाना काढला, १८९१ ला स्विस सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली, आणि १८९७ मध्ये त्या ऑफिसरच्या चाकूची नोंदणी झाली जो आपण आज ओळखतो. त्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरवाल्या चाकूच्या पात्याला लॉक नाही, फक्त पाठीमागे एक पट्टीची स्प्रिंग आहे जी पात्याच्या बुडावर, म्हणजे त्याच्या मुठीतल्या टोकावर, दाबून बसते. उघडं असलं तरी दाबते, मिटलं तरी दाबते, त्यामुळे पातं आपोआप हलत नाही पण जोर लावला तर मिटतं. सफरचंद, पार्सलची टेप, टॅग, दोरा, याला भरपूर झालं. त्याच कंपनीचे मोठे १११ मिलिमीटरवाले आहेत त्यांना मात्र लॉक दिलंय, कारण तेवढं मोठं पातं हातात आलं की माणूस मोठी कामं काढतोच.

काही बिनलॉकच्या चाकूंचं पातं मिटताना अर्ध्यावर, काटकोनात एकदा टक्क करून थांबतं. लोकांना वाटतं चाकू अडकतोय. अहो ती मुद्दाम केलेली सोय आहे, तिथे बोटं बाजूला घ्यायची आणि मग पुढचं अर्धं मिटवायचं.

बिनलॉकच्या चाकूने भोक पाडू नका, रुतलेलं पातं हिसडू नका, उचकटू नका. एवढं पाळलं तर आयुष्यभर वापरा.

लॉकबॅक म्हणजे कोणतं? पाठीवर दाबायचं असतं ते?

हो तेच. मुठीच्या पाठीवर एक लांब पट्टी असते, मधे खिळ्यावर तोललेली, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. तिचं पुढचं टोक आकड्यासारखं, आणि पात्याच्या बुडावर तशीच खाच. पातं पूर्ण उघडलं की आकडा खट्ट करून खाचेत पडतो, मागची स्प्रिंग त्याला तिथेच दाबून धरते. मिटवायचं तर पट्टीचं मागचं टोक अंगठ्याने दाबायचं, पुढचा आकडा वर येतो, पातं सुटतं.

ही कल्पना तशी जुनी, पण लोकांच्या कमरेला पोचवली ती अमेरिकेच्या बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूने, १९६४ साली. लाकडी मूठ, पितळेची टोकं, वजन असं की खिशात ठेवला तर पँट खाली. शिकारी लोकांना मोठा चाकू हवा पण लांब म्यान नको, तर हे त्यांना फिट बसलं. त्यानंतर इतक्यांनी त्याची नक्कल केली की आपल्याकडे जत्रेत मिळणारा पितळी टोकांचा चाकू पण त्याचाच लांबचा नातेवाईक.

चांगलं काय, तर मिटवताना बोट पात्याच्या वाटेत यायची गरज नाही, अंगठा पाठीवरच राहतो. वाईट काय, तर खाचेत कचरा बसला की आकडा अर्धाच बसतो आणि वरून कळत नाही. तुम्हाला "खट्ट" ऐकू येतं, वाटतं बसलं, पण बसलेलं नसतं. म्हणून आवाजावर जाऊ नका, पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट झालीय का ते बोट फिरवून बघा. दुसरं म्हणजे फार घट्ट मुठीत धरलं तर काही चाकूंची पट्टी तळहातानेच दाबली जाते, म्हणून काही कंपन्या त्या जागी पट्टीला थोडा खोलगट खड्डा देतात.

लायनर लॉक सगळीकडे दिसतं, ते खरंच सेफ आहे?

चांगलं बनवलेलं असेल तर हो, आणि वाईट बनवलेलं असेल तर सगळ्यात धोकादायक हेच, कारण दिसायला दोन्ही एकसारखे.

मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ पत्रे असतात, त्यांना लायनर म्हणायचं. त्यातल्या एकाला उभा काप देऊन आतल्या बाजूला वाकवलेलं असतं, म्हणजे तोच स्प्रिंग. पातं मिटलेलं असताना तो पात्याच्या अंगाला चिकटून असतो, आणि पातं उघडून पुढे गेलं की जागा रिकामी होते, पत्रा आत उडी मारतो आणि पात्याच्या बुडामागे जाऊन उभा राहतो, दाराला अडणा लावतात तसा. बुडाची ती कड सरळ नसते, सात-आठ अंशांनी उतरती असते, त्यामुळे पत्रा पाचरीसारखा बसतो आणि पुढे झीज झाली तरी थोडा अजून आत सरकून पकड कायम ठेवतो. याच पत्र्यावर एक बारीक छर्रा बसवलेला असतो, पातं मिटलं की तो पात्यावरच्या छोट्या भोकात बसतो, म्हणून चाकू खिशात आपोआप उघडत नाही. ही छर्‍याची गोष्ट लोक विसरतात, पण मिटलेला चाकू मिटलेलाच राहणं हे पण सेफ्टीच आहे ना, खिशात हात घातल्यावर कळतं.

अशा पत्र्याचं एक पेटंट १९०६ सालचं आहे, अमेरिकेतल्या कॅटरॉगस कंपनीच्या चाकूंसाठीचं, पण आज जे आपण वापरतो ते मायकल वॉकर नावाच्या चाकू कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. एका हाताने उघडायचं, एका हाताने मिटवायचं, पाठीमागची जाड स्प्रिंगच नको.

आता नवीन घेताना काय बघायचं. पातं उघडा आणि वरून बघा, पत्रा बुडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत आत आलेला दिसायला पाहिजे. नुसता कडेला टेकलेला असेल तर तो निसटणार, आणि पार पलीकडच्या पत्र्याला जाऊन भिडलेला असेल तर झिजून संपत आलाय. आणि पत्रा किती जाड आहे ते बघा, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा असेल तर परत ठेवून द्या.

याची एक खोड आहे जी मला आवडत नाही. मिटवताना अंगठा मुठीच्या आत घालून पत्रा बाजूला सारावा लागतो, आणि त्या क्षणी अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. सगळे "सवय होते" म्हणतात, होते पण, तरी रात्री हेडटॉर्चच्या उजेडात, बोटं गार पडलेली असताना मला अजून दोनदा बघावं लागतं. डावखुऱ्या लोकांना तर हे अजून अवघड जातं कारण पत्रा बहुतेक वेळा उजव्या हाताच्या सोयीने बसवलेला असतो.

फ्रेम लॉक वेगळं काय?

तेच, फक्त आतल्या पत्र्याऐवजी मुठीची एक बाजूच कापून वाकवलेली. ख्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिराच्या सेबेंझा चाकूने हे प्रसिद्ध केलं (झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम, मस्त नाव आहे). जाड टायटॅनियम असल्यामुळे लॉक मजबूत, आणि तुम्ही जेवढं घट्ट धराल तेवढी तुमची बोटंच लॉकला आत दाबतात, हा मोठा फायदा. टायटॅनियम स्टीलवर घासून कधी कधी चिकटतं, मग मिटवताना कचकचतं, तर काही जण तिथे पेन्सिलीचं शिसं घासतात, चालतं. नवीन चाकूंमध्ये त्या जागी स्टीलचा छोटा तुकडा बसवलेला असतो. किंमत बघून मात्र डोळे पांढरे होतात.

आडव्या दांड्याचं लॉक? भाचा म्हणतो तेच बेस्ट.

भाच्याचं बरोबर असू शकतं. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणलं, डोकं मॅकहेन्री आणि विल्यम्स या दोघांचं. मुठीत आरपार एक आडवी दांडी असते, दोन्ही बाजूंना तिची टोकं बाहेर दिसतात, आणि आत दोन बारीक वळणदार स्प्रिंगा तिला पुढे ढकलत राहतात. पातं उघडलं की दांडी पात्याच्या उतरत्या बुडावर आणि मागच्या अटकावाच्या मधे जाऊन पाचरीसारखी बसते. मिटवायचं तर दांडी दोन बोटांनी मागे ओढायची, बोट पात्याच्या वाटेत येतच नाही, आणि डावा-उजवा दोन्ही हात चालतात. पेटंटची मुदत संपल्यावर बऱ्याच कंपन्यांनी क्रॉसबार म्हणून तेच बनवायला घेतलं, त्यामुळे आता कमी पैशातही मिळतं.

कच्चा दुवा म्हणजे त्या स्प्रिंगा, तारेच्या असतात, तुटू शकतात. दोन आहेत म्हणून एक तुटली तरी लगेच बोटांवर बेतत नाही, पण दांडी एका बाजूला ढिली वाटली तर चाकू बाजूला ठेवा. दुसरी गोष्ट, पोरं दांडी मागे ओढून पातं झटक्याने आतबाहेर हलवत बसतात, टाइमपास. भाच्याला सांगा बाबा, बोट कापायचे हेच ते क्षण.

स्पायडर्को कंपनीचं कॉम्प्रेशन लॉक पण याच विचाराचं, पत्रा आहे पण मुठीच्या पाठीकडे, म्हणून सोडवताना बोटं पात्यापासून लांब. मला वैयक्तिक हेच जास्त आवडतं पण एका मित्राचा चाकू चार दिवस वापरला तेवढाच अनुभव, उगाच शेखी नको.

ओपिनेलचं रिंगवालं लॉक किती भरवशाचं?

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझा लाडका चाकू आहे.

फ्रान्सच्या सव्हॉय डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा शेतकऱ्यांसाठी बनवला. लाकडाची मूठ, तिला एक चीर, त्यात पातं. पासष्ट वर्षं लॉकच नव्हतं! १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने व्हिरोब्लॉक रिंग आणली. मुठीच्या तोंडाशी एक लोखंडी कडं, त्यालाही एक चीर. दोन्ही चिरा एका रेषेत असल्या की पातं उघडतं-मिटतं, आणि कडं फिरवलं की चीर झाकली जाते, पात्याला मिटायला जागाच उरत नाही. स्प्रिंग नाही, बारीक पार्ट नाही, डोळ्यांना दिसतं की लॉक आहे का नाही. २००० पासून तेच कडं मिटलेल्या चाकूलाही लॉक करतं, म्हणजे सॅकमध्ये उघडायची भीती नाही. रिंग ६ नंबरपासून पुढच्या चाकूंना, त्याखालच्या छोट्यांना नाही. ८ नंबर सगळ्यात कॉमन, साडेआठ सेंटिमीटर पातं.

तोटा एकच पण मोठा. हे लॉक आपोआप लागत नाही, तुम्ही फिरवायचं. विसरलात की तो बिनलॉकचा चाकू, आणि स्प्रिंगही नाही म्हटल्यावर फक्त लाकडाच्या घट्टपणावर सगळं. मी तरी पातं उघडलं की कडं फिरवल्याशिवाय काहीच कापत नाही, टोमॅटो असला तरी, कारण टोमॅटोनंतर दोर येतो आणि तेव्हा आठवत नाही.

आणि आपल्या सह्याद्रीचा पाऊस! बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं मुठीत असं अडकतं की नखाने उघडता उघडत नाही. मग लोक दातांनी ओढतात, प्लीज नका ओढू. फ्रान्समधल्या लोकांची युक्ती आहे, मुठीचं खालचं बूड एखाद्या दगडावर किंवा टेबलावर टकटक आपटायचं, पात्याचं टोक थोडं बाहेर येतं, मग धरून उघडायचं. (आधी कडं मोकळं करा, नाहीतर नुसतेच आपटत बसाल, मी बसलोय.) जून लागायच्या आधी मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा चोळून सुकवलं तर फुगणं बरंच कमी होतं. कार्बन स्टीलचं पातं घेतलंत तर कोकणात एका रात्रीत गंजेल, आपल्या हवेला स्टेनलेसच घ्या.

रामपुरीला पण लॉक असतं ना?

असतं, आणि बरंच जुन्या पद्धतीचं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू, आपल्याकडे ज्याला खटक्याचा चाकू म्हणतात तो याच जातीचा. एक प्रकार कळ दाबून सुटणारा आणि दुसरा गरारीवाला, म्हणजे पात्याच्या बुडाला दाते असतात आणि उघडताना पाठीवरची पट्टी एकेका दात्यावर पडते म्हणून तो कट् कट् कट् आवाज. स्पेनच्या नवाहा चाकूतही असाच आवाज येतो. दात्यांचा एक फायदा खरा आहे, पातं अर्धवट उघडलेलं असलं तरी मागे येत नाही. पण हिंदी पिक्चरने त्या आवाजाची अशी काही दहशत केलीय की सफरचंद कापायला काढलात तरी ट्रेनमधली माणसं सीट सोडतील. आणि कायद्याचं वेगळंच, ते खाली.

लॉक असलं की चाकू फिक्स पात्याच्या चाकूइतकाच पक्का झाला का?

नाही. घडीच्या चाकूत कुठेतरी सांधा आहेच. दगडाने पाठीवर ठोकून लाकूड फोडायचं, डबा उचकटायचा, पाचर मारायची, ही कामं लॉकवाल्या चाकूची नाहीत, त्याला कोयता आहे. स्वयंपाकाला तर सरळ सुरी न्या, किंवा आमच्या ग्रुपमधल्या एक काकू खरंच घडीची विळी आणतात, तीस जणांचा कांदा दहा मिनिटांत, सगळे चाकूवाले गप्प.

लॉक चुकीला माफी देतं, एखाद्या वेळच्या. रोज चुका करायला नाही. लॉक आहे म्हणून पाठीवर जोर देऊन काम करणारे लोकच मी जास्त कापलेले बघितलेत.

ऑनलाइन तीनशे-चारशेत "टॅक्टिकल" चाकू मिळतो, काळा, लॉकवाला. घेऊ?

फोटोत लॉक आहे म्हणजे हातात आल्यावर लॉक असेलच असं नाही. मी असा एक मागवला होता, कंपनीचं नाव डब्यावर पण नीट नव्हतं, लायनरचा पत्रा इतका मऊ की पाठीवर अंगठा दाबला तर मिटला. बिनलॉकचा चाकू परवडला, त्याच्याबद्दल निदान आपण सावध तरी असतो. त्याच पैशात साधा छोटा बिनलॉकचा पण बऱ्या कंपनीचा घ्या.

लॉक नीट आहे का ते घरी कसं बघू?

सावकाश. व्हिडिओत लोक पात्याची पाठ टेबलावर धाडधाड आपटून दाखवतात, त्याने चांगलं लॉकही खराब होतं आणि खराब असेल तर पातं सरळ बोटांवर येतं. त्यापेक्षा असं करा:

चाकू उघडा, मूठ फक्त दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी धरा म्हणजे पात्याच्या वाटेत एकही बोट नको. मग पात्याची पाठ लाकडी पाटावर टेकवून हळूहळू दाबा. लॉक सरकलं, करकरलं, किंवा पातं जरा जरी मिटायला लागलं तर तो चाकू फक्त टपालाची पाकिटं उघडायला ठेवा. मग टोकाजवळची पाठ धरून वरखाली हलवा, नंतर डावीउजवी. डावीउजवीकडे डुगडुगत असेल तर बहुतेक वेळा मधला स्क्रू ढिला असतो, पाव फेरा आवळला की होतं. वरखाली हलत असेल तर लॉक नीट बसत नाहीये, ते स्क्रूने जात नाही. लॉकबॅकमध्ये केसभर हलणं चालतं, दांडीवाल्यात आणि लायनरमध्ये नको.

हे दर महिन्या-दोन महिन्यांनी करा, आणि चाकू पडला असेल तर लगेच.

मिटवताना कापतं सारखं. काय चुकतंय?

बहुतेक कापाकापी मिटवतानाच होते असं माझं मत, कारण काम संपलेलं असतं आणि लक्ष चहाकडे असतं. लॉक सोडवा, पातं थोडंसं, वीस-तीस अंश आत येऊ द्या, मग लॉक सोडवणारं बोट काढून घ्या, मग दुसऱ्या हाताने पाठ धरून किंवा मांडीच्या बाजूला पाठ टेकवून बाकीचं मिटवा. बऱ्याच चाकूंमध्ये पात्याच्या बुडाशी बिनधारेचा भाग सोडलेला असतो, पातं सुटून आलं तरी आधी तो बोटावर पडतो, धार नाही. घेताना हे मिटवून बघा, लॉकइतकंच महत्त्वाचं आहे आणि कोणी विचारत नाही. मनगट झटकून मिटवायची स्टाइल करू नका, एवढंच.

पाऊस, चिखल, आंब्याचा चीक. साफ कसा करू?

साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि लॉक ज्या खाचेत बसतं तिथे टूथपिक. खिशातला दोऱ्यांचा कचरा हाच लॉकचा खरा शत्रू आहे, चिखलापेक्षा जास्त, कारण तो तेलात मळून खाचेत गादीसारखा बसतो. पूर्ण सुकवा, मग मधल्या खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. लायनर आणि फ्रेम लॉकच्या टेकायच्या जागी तेल नको, घसरायला मदत कशाला करायची. आणि खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं, मग छर्राही नीट बसत नाही.

पक्कडवाल्या मल्टीटूलला लॉक असतं का?

बघून घ्या. टिम लेदरमनचं पहिलं पक्कडवालं टूल १९८३ चं, त्याच्या पात्याला लॉक नव्हतं. त्याच कंपनीच्या १९९८ च्या वेव्ह नावाच्या टूलमध्ये पाती बाहेरून एका हाताने उघडणारी आणि लॉक होणारी आली. लॉक नुसतं चाकूला नाही, स्क्रूड्रायव्हर आणि करवतीला पण हवं, करवत उलटी ओढताना मिटली की काय होतं ते सांगायला नको.

लॉकवाला चाकू बाळगणं कायदेशीर आहे का?

मी वकील नाही, पण मोटामोटी असं. शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे, त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्यात येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं सोडून. दिल्लीत १९८० ची एक वेगळी अधिसूचना आहे जी थेट यंत्रणेकडे बघते: स्प्रिंगवाले, गरारीदार, बटणदार चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा जास्त असलं तर गुन्हा. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस अधूनमधून मनाई आदेश काढतात, सणावाराला, निवडणुकीला, तेव्हा चाकू-सुऱ्या घेऊन फिरायला बंदी असते. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी ठेवा, एसटीत कमरेला लावून मिरवू नका. विमानात चेक-इनच्या बॅगेतच, हातातल्या बॅगेत गेला तर गेलाच समजा.

परदेशात असाल तर अजून गंमत. ब्रिटनमध्ये कारण न देता बाळगता येतो तो फक्त घडीचा, ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा आणि लॉक नसलेला. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय बाळगायला बंदी. म्हणजे तुमच्या बोटांना जे सेफ ते कायद्याला धोकादायक वाटतं, आणि दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. लंडनला शिकायला गेलेल्या मुलीला मी म्हणून साधा बिनलॉकचा स्विसच दिला, आणि सोबत भोक न पाडायचं लेक्चर.

पोरांना पहिला चाकू कुठला द्यावा?

माझं मत: गोल टोकाचा आणि हाताने लावायच्या लॉकचा. ओपिनेलचा ७ नंबर गोल टोकात येतो, रिंगसकट. पोरांना "उघडला, कडं फिरवलं, मग कापायचं" हा क्रम हातात बसतो. झटक्यात उघडणारा काहीच देऊ नका. आणि पहिले काही दिवस शेजारी बसा, फोन बाजूला ठेवून.

कापलंच तर?

स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उघडून बघत बसू नका, हात वर ठेवा. रक्त थांबलं की स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, कॉफी, तंबाखू जखमेत भरू नका, डॉक्टरला नंतर तेच खरवडत बसावं लागतं. जखम आ वासून असेल, बोट वाकत नसेल, पुढे बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबतच नसेल तर तडक डॉक्टर, कारण बोटाच्या आतल्या बाजूला शीर आणि स्नायूबंध अगदी वरच असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

लॉक ढिलं झालंय, दुरुस्त होतं का?

स्क्रू ढिला असेल तर घरी होतं, कचरा असेल तर साफ करून होतं, दांडीवाल्याची स्प्रिंग बदलता येते. लायनर झिजून पलीकडे पोचला असेल तर धार लावणाऱ्याकडे नेऊ नका, तो हातोडीने वाकवून देईल आणि तुम्हाला वाटेल झालं. कंपनीची वॉरंटी असेल तर पाठवा, नसेल तर स्क्रू काढा, पातं वेगळं करा आणि त्याला सुताराकडून सरळ लाकडी मूठ बसवून घ्या. माझ्याकडे अशी एक आहे, स्वयंपाकघरात लसूण सोलायला ठेवलीय.